सचिवाची खुर्ची आणि वहीचं एक पान

(शिरोळ तालुक्यातल्या एका वडिलांचं चार पानी पत्र आलं आहे. ते पतसंस्थेत शाखाधिकारी आहेत. मुलगा एकोणीस वर्षांचा. बारावीला ६९ टक्के, नीट दोनदा दिली, दोन्ही वेळा गुण कमी पडले. आता वडिलांनी ठरवलं आहे की मुलाला मत्स्यविज्ञानाला घालायचं, कारण ‘तिथं स्पर्धा कमी’. त्यातून मत्स्यव्यवसाय खात्यात क्लास वन, पुढे दिल्लीत सचिव. पत्राला त्यांनी वयानुसार आखलेला एक तक्ता जोडला आहे. मुलगा वेळ कसा वाया घालवतो याचा पुरावा म्हणून त्याच्या वहीच्या एका पानाचा फोटोही आहे. प्रश्न दोन : तक्ता बरोबर आहे का, आणि मुलाला लायनीवर कसं आणायचं?)

सप्रेम नमस्कार.

तुमच्या तक्त्याकडे मी येणार आहे. पण आधी तुमच्या पत्रातल्या क्रियापदांबद्दल बोलते, कारण तीन दिवस तीच डोक्यात फिरत आहेत. ‘नीटला बसवला.’ ‘राजारामपुरीत क्लास लावला.’ ‘वर्षभर मेसवर ठेवला.’ ‘आता फिशरीजला घालतो.’ ‘मग पुण्याला ठेवून एमपीएससी करून घेतो.’ चार पानांत तुमचा मुलगा स्वतःहून काहीच करत नाही. त्याला बसवलं जातं, ठेवलं जातं, घातलं जातं. फक्त एका वाक्यात तो स्वतः कर्ता आहे, आणि ते वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलं आहे : ‘सकाळी उठून बंधाऱ्यावर जातो आणि मेलेले मासे मोजत बसतो.’

तुम्हाला टोचायचं म्हणून हे लिहीत नाही. पतसंस्थेच्या पगारातून दोन वर्षं क्लासची फी, खोलीभाडं आणि मेस भरणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. त्यासाठी घरात काय काय पुढं ढकललं असेल, हेही समजू शकते. पण तुमच्या मेव्हण्याच्या मुलाचा फ्लेक्स चौकात लागला आणि त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत, हे तुम्हीच लिहिलं आहे. ‘हा अधिकारी झाला नाही तर मला गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही,’ हेही तुमचंच वाक्य. हे तुम्ही त्याच्यासमोर बोलला असाल, तर त्याच्या डोक्यावर दोन परीक्षांच्या अपयशासोबत तुमच्या इज्जतीचंही ओझं आहे. एकोणिसाव्या वर्षी ते पेलत नाही. नीटच्या दोन वर्षांत ‘तुला डॉक्टर व्हायचं आहे का?’ असं त्याला कुणी विचारलं, याचा पत्रात कुठंही उल्लेख नाही. आता मत्स्यविज्ञानाच्या बाबतीतही तेच चाललं आहे. शाखा बदलली, घरातली पद्धत तशीच राहिली.

आता ते पान. फोटो तुम्ही तक्रारीसाठी पाठवलात, पण अख्ख्या पाकिटात माझ्या उपयोगाची वस्तू तीच निघाली. फोटो मोठा करून मी पुन्हा पुन्हा वाचला. एकरेघी वही, निळं पेन, हाताने आखलेले रकाने. मार्चमधली तारीख, वेळ सकाळी साडेसहा, पंचगंगेवरच्या तेरवाड बंधाऱ्याच्या खालची बाजू. पाणी काळपट, फेस आहे, वास आहे. कटला सहा, सगळे मोठे. रोहू चार. चिलापी काठाला तोंड वर काढून, जिवंत. मरळ एकही मेलेली नाही. त्याच्यापुढे कंसात : वरच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काल काढले. आणि खाली दोनदा अधोरेखित केलेला प्रश्न : ‘मोठे आधी मेले. लहान नंतर. का? मरळ का नाही?’

तुमच्या मुलाने इथे काय केलं आहे ते सांगते. मासे विषाने मेले की ऑक्सिजन संपून मेले, हे ठरवताना अभ्यासक काठावर उभं राहून हेच बघतात. पाण्यात विष उतरलं की बहुतेक वेळा बारकी मासळी आधी जाते आणि सगळ्याच जातींना तडाखा बसतो. ऑक्सिजन संपला की मोठ्या माशांची गरज मोठी असल्याने ते आधी गुदमरतात. बाकीचे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडतात. मरळ तगते, कारण तिला कल्ल्यांखेरीज हवेतून थेट श्वास घ्यायची सोय आहे. आणि हे सगळं पहाटे घडतं, कारण रात्रभर पाणवनस्पती आणि शेवाळ ऑक्सिजन तयार करत नाहीत, उलट वापरतात. सूर्य उगवायच्या सुमाराला पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. उन्हाळ्यात बंधाऱ्यामागे तुंबलेलं सांडपाणी आणि तळाचा गाळ बरगे काढल्यावर एकदम खाली सुटतो. त्यातली घाण कुजवणारे जिवाणू उरलासुरला ऑक्सिजनही खाऊन टाकतात. पंचगंगेत हे वर्षानुवर्षं होत आलं आहे. मेलेल्या माशांचा खच पडला की पेपरात फोटो येतो. तुमच्या मुलाने त्या खचातली कोणती जात मेली आणि कोणती नाही, हे लिहून ठेवलं. नीटच्या जीवशास्त्रात त्याला किती गुण होते मला माहीत नाही, पण हे पान वाचून मी त्याला जीवशास्त्रात नापास म्हणणार नाही. याला तुम्ही ‘वेळ वाया घालवणं’ म्हणालात. मला फार वाईट वाटलं, आणि ते तुमच्यापासून लपवत नाही.

आता तक्ता. ‘वय २३ बी.एफ.एस्सी. (मत्स्यविज्ञानाची पदवी), २४ सहायक आयुक्त, ३५ उपायुक्त, ५० केंद्रीय मत्स्य सचिव.’ हा जिना शेवटच्या पायरीपर्यंत जातच नाही. प्रशासकीय सेवा, पोलीस सेवा, वन सेवा आहेत, तशी ‘भारतीय मत्स्य सेवा’ नावाची सेवा आपल्या देशात नाही. दिल्लीत मत्स्यव्यवसायाचा स्वतंत्र विभाग झाला तोच मुळात २०१९ साली, आणि त्याच्या सचिवपदावर सर्वसाधारणपणे आयएएस अधिकारी असतो. राज्यातल्या मत्स्यव्यवसाय आयुक्ताच्या खुर्चीतही बहुतेक वेळा आयएएसच असतो. तो आज माशांच्या खात्यात आहे, दोन वर्षांनी वस्त्रोद्योगात असेल. म्हणजे तुम्हाला ती खुर्चीच हवी असेल तर त्यासाठी मत्स्यविज्ञानाची पदवी लागत नाही, आणि मत्स्यविज्ञानाची पदवी घेतल्याने ती खुर्ची मिळत नाही. हे दोन वेगळे रस्ते आहेत आणि तुमच्या तक्त्यात ते एकमेकांना चिकटवले आहेत. खात्यातून चढणाऱ्याची वाट सहायक आयुक्त, प्रादेशिक उपायुक्त, सहआयुक्त अशी जाते. दिल्लीच्या विभागात तांत्रिक माणसासाठी मत्स्यव्यवसाय विकास आयुक्त हे पद आहे. मुंबईत भारतीय मत्स्य सर्वेक्षणाचा महासंचालक असतो. भारतीय कृषी संशोधन परिषदेत मत्स्यविज्ञानाचा उपमहासंचालक असतो आणि देशभरच्या मत्स्य संशोधन संस्था त्याच्या हाताखाली चालतात. या खुर्च्या मोठ्या आहेत, पण तिथं पोचलेला माणूस वीस-पंचवीस वर्षं मासे, जाळी, पाणी आणि कागद यांत गेलेला असतो. आणि ‘स्पर्धा कमी’ हे तर मनातून काढूनच टाका. खात्याच्या जागा मोजक्या, एमपीएससीची जाहिरात दरवर्षी येईलच असं नाही, आणि आली की रत्नागिरी, नागपूर, उदगीरच्या महाविद्यालयांतून चार वर्षं हाच विषय शिकलेली मुलं ती भरतात. तिथं जागा कमी आहेत. लांबून बघणाऱ्याला त्या कमी स्पर्धेसारख्या दिसतात.

परीक्षांचं थोडक्यात : पदवीसाठी एमएचटी-सीईटी, कृषी संशोधन परिषदेच्या कोट्यासाठी सीयूईटी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा. पदवीनंतर राज्यसेवेकडे जायचं तर एमपीएससी. शास्त्रज्ञ व्हायचं तर एम.एफ.एस्सी., म्हणजे त्याच विषयातली पदव्युत्तर पदवी, आणि त्यापुढे कृषी संशोधन सेवेची परीक्षा (पात्रतेची अट जाहिरातीत बघून घ्या), आणि तिथं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. पगाराचा आकडा तुमच्या समाधानासाठी दिला. शिकवणं इंग्रजीत होतं. पहिलं वर्ष जड जाईल, मग सवय होते.

एक गोष्ट मात्र आत्ताच नीट समजून घ्या, कारण ती नंतर दुरुस्त करता येत नाही. ‘समुद्रविज्ञान’ आणि ‘मत्स्यविज्ञान’ हे तुमच्या पत्रात एकाच अर्थाने आले आहेत. ते वेगळे आहेत आणि फाटा पदवीलाच फुटतो. प्राणिशास्त्रात बी.एस्सी. करून नंतर एम.एफ.एस्सी.ला जाऊ असं म्हणाल, तर तिथं बी.एफ.एस्सी. मागतात. उलट ज्याला समुद्राचे प्रवाह, लाटा, क्षार, तळाचा गाळ यांत रस आहे त्याने बी.एस्सी. करून गोव्यासारख्या ठिकाणी सागरविज्ञानात एम.एस्सी. करावी. तिथं दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ साली स्थापन झालेली. हैदराबादला उपग्रहावरून समुद्राचं तापमान आणि हरितद्रव्य बघून मासळी कुठं सापडेल याचा अंदाज मच्छीमारांना कळवणारी संस्था आहे. तीही मोठी सरकारी कामंच. पण त्या वहीत मला समुद्र दिसला नाही. तिथं नदी आहे.

यावर तुम्ही म्हणाल, नदीतल्या माशांना कोण विचारतं? पत्रात तुम्ही लिहिलंच आहे, ‘कोल्हापुरात राहून माशांत करिअर म्हणजे विहिरीत राहून जहाज बांधणं.’ देशात जी मासळी तयार होते तिच्यातला सुमारे तीन चतुर्थांश वाटा समुद्रातला नाही. तो तळी, धरणं, नद्या आणि खाडीकाठच्या शेततळ्यांतला आहे. ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ हे नाव तर राज्यभरच्या पाटबंधाऱ्याच्या कागदांत आपल्याच गावावरून आहे, आणि त्या बंधाऱ्यांत अडवलेल्या पाण्यात मासे कसे जगतात किंवा मरतात हा प्रश्न आपल्याइतका कुणाच्या दारात नाही. आजरा-गडहिंग्लजकडून वाहणारी हिरण्यकेशी जिथं उगम पावते, त्या आंबोलीच्या मंदिराजवळ २०२० साली माशाची एक नवी जात शास्त्रज्ञांनी नोंदवली. नदीवरूनच तिचं नाव ठेवलं, आणि पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. बोटभर मासा, पण त्याच्यामुळे सरकारला अधिसूचना काढावी लागली.

धोरण असंच बनतं, आणि हे तुम्हाला समजावं म्हणून जरा सविस्तर सांगते, कारण ‘पॉलिसी’ हा शब्द तुमच्या पत्रात नऊ वेळा आहे. मासेमारी हा घटनेनुसार राज्याचा विषय आहे, पण किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतच. त्यापलीकडची मासेमारी केंद्राकडे जाते. मासे ती रेघ ओळखत नाहीत, त्यामुळे रोज भांडणं होतात : कुणी किती मोठं जाळं टाकायचं, कधी टाकायचं, किती बारीक मासळी उचलायची. २०२३ साली आपल्या राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकारमान ठरवून दिलं. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा म्हणून जाहीर झाला. ही आकारमानं कुणाच्या मनाला आली म्हणून लिहिलेली नसतात. त्यासाठी कुणीतरी पहाटे बंदरावर जातं. क्रेट उतरत असतात, लिलावाचा गलका चालू असतो, आणि हा माणूस बाजूला उकिडवा बसून पट्टीवर एकेक मासा ठेवतो, लांबी लिहितो, पोट चिरून गाबोळी, म्हणजे आतली अंडी, कितपत तयार झाली आहे ते लिहितो. असं महिनोन्महिने. मग कळतं की या जातीच्या निम्म्या माद्या पहिल्यांदा अंड्यावर येतात त्या इतक्या लांबीला. त्याखालची मासळी उचलली तर पुढची पिढीच गेली. हा आकडा कोचीच्या केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी तयार होतो, मंत्रालयात पोचतो, आणि आयएएस सचिव त्याच्यावर सही करतो. माशांचा अख्खा थवा घेरून उचलणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर २०१६ साली राज्याने निर्बंध आणले तेव्हाही आधार होता डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या समितीच्या अहवालाचा. सोमवंशी हे भारतीय मत्स्य सर्वेक्षणाचे माजी महासंचालक. सही करणाऱ्यापेक्षा आकडा आणणाऱ्याचं वजन कमी नसतं, आणि बरेचदा जास्त असतं, कारण कोर्टात तो आकडाच टिकावा लागतो.

त्या पट्टीवर मासा ठेवणाऱ्या माणसात आणि तेरवाडच्या काठावरच्या तुमच्या मुलात मला तरी फार अंतर दिसत नाही. पण म्हणून ‘चला, ठरलं, बी.एफ.एस्सी.’ असं मी म्हणणार नाही. मी तसं म्हटलं तर तुमच्यासारखंच होईल : आधी तुम्ही घातला, आता मी घालते. एका वहीवरून आयुष्य ठरवू नये. कदाचित त्याला मासे नकोच असतील. त्याला पाणी कोण घाण करतं हे शोधायचं असेल, तर त्याची वाट पर्यावरण रसायनशास्त्राकडे जाते. कदाचित कायद्याकडेही जाईल. कदाचित दोन वर्षं खोलीत कोंडून घेतल्यावर त्याला फक्त मोकळ्या हवेत बसायचं असेल. हे तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. ज्याला माहीत आहे तो तुमच्या घरात पलीकडच्या खोलीत झोपतो.

म्हणून लायनीवर कसं आणायचं, याचं उत्तर मी देत नाही. त्याऐवजी काही कामं सांगते, तेवढी करा.

तो तक्ता त्याच्या टेबलावरून काढा. मेव्हण्याच्या मुलाचं नाव दोन महिने घरात घेऊ नका. तिसऱ्यांदा नीट द्यायची की नाही हे त्याला विचारा. ‘नाही’ म्हणाला तर कारण मागू नका. आणि एका संध्याकाळी ती वही मागून घ्या, त्याच्याशेजारी बसा आणि म्हणा, हे मला समजावून सांग. मधे बोलू नका. ‘याचा उपयोग काय’ हा प्रश्न तर अजिबात विचारू नका.

मग त्याला हवं असेल तरच एका सुट्टीला रत्नागिरी. आंबा घाट उतरून जायचं, रात्री मुक्काम करायचा, पहाटे मिरकरवाडा बंदरावर लिलाव बघायचा. जून-जुलैत जाऊ नका, त्या दोन महिन्यांत यांत्रिक नौकांना बंदी असते. दहाच्या सुमाराला शिरगावला मत्स्य महाविद्यालयात जा. १९८१ पासून ते तिथं आहे, कोकण कृषी विद्यापीठाचं. प्राचार्यांना भेटायची घाई नको. तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुलं कँटीनमध्ये सापडतील, त्यांच्याजवळ त्याला सोडून तुम्ही तासभर बाहेर झाडाखाली थांबा. काय विचारायचं ते त्याला ठरवू दे. मुलं त्याला खरं सांगतील : नोकऱ्या किती लागल्या, किती जण बँकेत गेले, कोळंबीच्या फार्मवर रात्रपाळी कशी असते, मासळीचा वास कपड्यांतून जातो की नाही. परत येताना गाडीत गप्प राहिला तर राहू दे.

त्याच्यासाठी एक निरोप आहे, तो तसाच्या तसा द्या. मोठे आधी का मेले, याचं उत्तर वर लिहिलं आहे, पण माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, मोजून बघ. तुझ्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंकलरची पद्धत करता येते. सरांना विचार, काचेच्या बुचाच्या बाटल्या त्यांच्याकडे असतील. बाटली पाण्याखाली धरूनच काठोकाठ भरायची, आत एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. पहिली दोन रसायनं काठावरच टाकायची, नाहीतर कॉलेजला पोचेपर्यंत आकडा बदलतो. लिटरला पाच मिलिग्रॅमच्या वर आला तर मासे ठीक असतात, दोनच्या खाली गेला तर तुझ्या वहीतलं चित्र दिसतं. एकाच ठिकाणी दुपारी तीनला आणि पहाटे पाचला, अशा दोन बाटल्या घे. बरगे काढायच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही घे. वाटलं तर मला पत्र लिही. तू स्वतः लिही, बाबांच्या पाकिटातून नको.

आणि तुम्हाला एवढंच, की पहाटे पाचला त्याला एकट्याला पाण्याच्या कडेला पाठवू नका. दगड शेवाळलेले असतात आणि बाटली बुडवताना दोन्ही हात गुंतलेले असतात. बॅटरी धरायला तुम्ही जा.